पाळण्याची सव्वीस वजनं

"ही भिंत गरम आहे!" दानिलो ओरडला.

"तुझं डोकं गरम आहे," त्याची बहीण ओरिस्या म्हणाली. "झाडू उचल. उद्या इथे अख्खं गाव पॅनकेक खायला येणार आहे, आणि तू भिंतीला टेकून उभा!"

"अगं, खरंच! हात लावून बघ ना!"

दानिलो नऊ वर्षांचा होता आणि दिवसातून निदान चार वेळा त्याचं काहीतरी 'खरंच' असायचं. त्यामुळे बारा वर्षांच्या ओरिस्याने लक्ष दिलं नाही. पण कोल्टनने हात लावला. कोल्टन तिच्याच वर्गातला, बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्याने तळवा फळीवर टेकवला आणि तसाच ठेवला.

"ओरिस्या," तो हळूच म्हणाला, "ये इकडे."

टॉरविक गावात एकच उंच गोष्ट होती, आणि तिघं आत्ता तिच्या पोटात उभे होते. लाल रंगाचा, सहा मजली उंचीचा, आतून-बाहेरून लाकडाचा धान्याचा एलेव्हेटर! गाड्यांतून आलेला गहू यंत्राने वर चढवायचा, उंच उंच कोठ्यांत साठवायचा आणि आगगाडीत ओतायचा, हे त्याचं साठ वर्षांचं काम. आता रूळ उखडून नेले होते, कोठ्या रिकाम्या होत्या आणि एलेव्हेटरचं संग्रहालय झालं होतं. तरी सस्कॅचेवन प्रांताच्या त्या सपाट मुलखात तो तेरा मैलांवरून दिसायचा. हमरस्त्याला टॉरविकची पाटी कधी नव्हतीच. एलेव्हेटर उजव्या काचेत आला की वळायचं, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ओरिस्याने हात लावला. फळी आतल्या बाजूची होती. तिथे ऊन कधीच पोचत नव्हतं. आणि फळी नुकत्याच झोपेतून उठलेल्या मांजरासारखी उबदार होती!

"सातवी कोठी," तिने वरचा आकडा वाचला. "गिदो हेच म्हणत होते."

गिदो म्हणजे त्यांचे आजोबा, आईचे वडील. एकतीस वर्षं हा एलेव्हेटर त्यांनी चालवला होता. गेले तीन आठवडे ते एकच गोष्ट सांगत होते: "कोठीत माल आहे. तापलाय. मला वास येतो."

गाव हसत होतं. सगळ्यात प्रेमाने हसत होते ते कोल्टनचे वडील, गार्थ. एलेव्हेटर समितीचे अध्यक्ष तेच, किल्लीही त्यांच्याकडेच. घरोघर फिरून त्यांनी या लाल रंगाचे पैसे जमवले होते. ते गिदोंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "गिदो, वीस वर्षं झाली कोठ्या रिकाम्या होऊन. तुम्हाला जुना वास येतोय." आणि मग आईला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून म्हणायचे, "लेस्या, आता तू मनावर घ्यायला हवंस. वय आहे त्यांचं."

आईने मनावर घेतलं होतं. सोमवारी गिदोंना शहरातल्या वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं. खाटसुद्धा मिळाली होती.

आज शनिवार होता.

"कोठीत खरंच माल असेल," ओरिस्या म्हणाली, "तर गिदोंचं डोकं ठिकाणावर आहे. मग त्यांना जावं लागणार नाही!"

"चला, सांगू या!" दानिलोने झाडू फेकलाच.

आई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, अगदी चिमटा तोंडात धरून.

"उन्हाने तापली असेल."

"आई, आतली भिंत आहे!"

"ओरिस्या, मला माहीत आहे तुला काय हवंय." आईने चिमटा दोरीला लावला. "पण मागच्या महिन्यात शेगडीवर पातेलं जळून कोळसा झालं आणि ते शेजारच्या खोलीत बसून होते. त्यांना त्याचा वास आला नाही. वीस वर्षांपूर्वीच्या धान्याचा येतो?"

ते पातेलं ओरिस्याने स्वतः घासलं होतं.

गिदो मागच्या पायरीवर वाटाणे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ऐकलं सगळं.

"पाळणा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"एलेव्हेटरातला पाळणा. माणूस वर जायचा. खाली आहे की वर?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पाळणा म्हणजे एक माणूस जेमतेम मावेल एवढी लाकडी चौकट. दोराच्या दुसऱ्या टोकाला एक पेटी आणि पेटीत माणसाच्या भाराइतकी लोखंडी वजनं. तोल नीट साधला की दोन बोटांनी दोर ओढत माणूस छतापर्यंत जायचा. तिकडे जायला मुलांना सक्त मनाई होती.

"वर आहे," कोल्टन म्हणाला. "पेटी खाली जमिनीवर टेकली आहे. मी झाडताना पाहिली."

गिदोंच्या हातातला वाटाणा थांबला.

"मी एकतीस वर्षं पाळणा खाली आणून हुकाला अडकवला. शेवटच्या दिवशीसुद्धा. हूक न लावता कुणी उतरला की रिकामा पाळणा धाडकन वर जातो. मग तो ओढूनही खाली येत नाही." ते मुलांकडे वळले. "पेटीतली वजनं मोजा. माझी चौदा होती. एक वजन दहा पाउंडांचं. बाहेरूनच मोजायची. पाळण्याला, दोराला हात लावायचा नाही! शपथ घ्या."

तिघांनी शपथ घेतली, आणि पाळलीही.

पेटीत सव्वीस वजनं होती.

"दोनशे साठ पाउंड!" दानिलोने शिट्टी मारली. "एवढा जाडा चोर!"

"चोर नेतो," ओरिस्या म्हणाली. "याने आणून ठेवलंय. आणि हूक विसरला. म्हणून गेले कित्येक दिवस तो वर जाऊन बघूसुद्धा शकलेला नाही. वजनं काढली असती तर पाळणा खाली आला असता, पण तेवढं सुचायला पाहिजे ना! गावात एवढे जाडे कितीजण?"

"पाद्रीबुवा," दानिलोने बोटांवर मोजलं. "कॅफेवाला बर्नी. आणि..." त्याने कोल्टनकडे पाहिलं आणि जीभ चावली.

"आणि माझे बाबा," कोल्टन म्हणाला. "बोल की. घाबरतोस कशाला? बाबांनी तर हा एलेव्हेटर वाचवलाय."

"तेच म्हणते मी," ओरिस्या घाईने म्हणाली. "बर्नीच असणार!"

पण विचारायचं कसं? 'काका, तुमचं वजन किती?' असं विचारलं तर कानाखाली बसली असती. मग ओरिस्याची नजर एलेव्हेटरच्या कचेरीतल्या जुन्या वजनकाट्यावर गेली, आणि ती हसली.

*

एक जुलैची सकाळ. देशाचा वाढदिवस! पूर्वी गव्हाच्या गाड्या जिथे रिकाम्या व्हायच्या, त्या एलेव्हेटरच्या गाडी-दालनात लांबच लांब टेबलं लागली होती. गॅसच्या तव्यांवर पॅनकेक फुगत होते, सॉसेज चुरचुरत होती, सस्काटून बेरीच्या जांभळ्या पाकाने लहान मुलांचे कान माखले होते. तो कानांपर्यंत कसा पोचतो हे आयांनाच ठाऊक.

दाराशी दानिलो घसा फाडून ओरडत होता: "या, या! ऐंशी वर्षांच्या काट्यावर वजन करा! पॅनकेकच्या आधी एकदा, नंतर एकदा! फरक बघा आणि लाजा!"

"अरे ए, गप!" म्हणत लोक हसत होते आणि रांग लावत होते. कोल्टन काटा सरकवत होता. ओरिस्या वहीत लिहीत होती.

"पाद्रीबुवा, दोनशे एकतीस!"

"देवाचं काम जड असतं, बाळा."

"बर्नीकाका, तीनशे दहा! काका, काटा ओरडला!"

"तो कौतुकाने ओरडला! माझ्या कॅफेतलं खाल्लं तर तूही होशील."

ओरिस्याची पेन्सिल थांबली. दोनशे एकतीस नाही. तीनशे दहा नाही.

"आणि मी कुठे राहिलो?" मागून मोठा आनंदी आवाज आला. गार्थ! अंगावर लाल सदरा, हातात पॅनकेकचं उलथणं. धप्पकन ते काट्यावर चढले. "सांग, बेटा! तुझा बाप किती मोलाचा?"

कोल्टनने काटा सरकवला. एकदा. पुन्हा एकदा. दांडी हवेत थरथरली आणि स्थिर झाली.

"किती रे?" दानिलोने विचारलं.

कोल्टन दांडीवरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होता. ओरिस्याने वाकून पाहिलं. दोनशे बासष्ट.

"काय, लाज वाटली बापाची?" गार्थ खो खो हसले, त्याच्या केसांतून हात फिरवून तव्याकडे निघून गेले.

"काटा जुना आहे," ओरिस्या म्हणाली. "चुकत असेल."

"गिदोंचा काटा आहे," कोल्टन म्हणाला. "चुकत नाही." त्याने दांडी परत शून्यावर आणली आणि तो म्हणाला, "मागच्या ऑक्टोबरात आमचा कनोला शेतातच बर्फात सापडला. ओलाच काढला, आणि ओला माल साठवला की आतून तापत जातो. घरच्या कोठ्या भरल्या होत्या. उरलेला विकला, असं बाबा म्हणाले. त्याच आठवड्यात इथलं यंत्र रात्रभर चालू होतं. बाबा म्हणाले, दुरुस्त केलंय, चाचणी घेतोय."

ओरिस्याने वही मिटली. आता बर्नीची खोडी काढण्यातली मजा पार आटली होती. पण एक काम उरलं होतं. गिदोंनी सकाळी तिच्या हातात एक लांब लोखंडी सळई दिली होती. सातव्या कोठीला खाली एक भोक होतं, लाकडी बुचाचं. माल तपासायला गिदोंनीच कधीतरी पाडलेलं. सळई आत खुपसायची, दहा मिनिटं ठेवायची, बाहेर काढून गालाला लावायची. गार लागली की माल सुखरूप. गिदो ते रोज करत आणि घरी येऊन आजीला सांगत, "गार आहे." ओरिस्याच्या घरात 'सगळं ठीक आहे' म्हणायची तीच रीत होती.

तिने बूच काढलं. भोकातून काळपट दाणे भुरभुरले आणि जळक्या तंबाखूसारखा वास आला. तिने सळई सरकवली. दहा मिनिटं थांबायची गरजच पडली नाही. चौथ्या मिनिटाला तिने ती बाहेर ओढली आणि किंचाळून खाली टाकली!

"गालाला लावणार होतीस?" दानिलोचे डोळे विस्फारले.

त्या भिंतीच्या पलीकडे ऐंशी माणसं बसली होती. लहान मुलं टेबलांखाली लपंडाव खेळत होती. पाच गॅसचे तवे जळत होते.

कोल्टन धावतच वडिलांकडे गेला. ओरिस्या मागोमाग.

"बाबा, सातव्या कोठीत आपला कनोला आहे. तापलाय."

गार्थचा चेहरा क्षणभर उलथण्यावरच्या पिठासारखा झाला. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हसू परत आणलं. "हळू बोल. मला माहीत आहे. खालचं तोंड गोळे होऊन बुजलंय, म्हणून निघेना. मंगळवारी माणसं येणार आहेत. आज जेवण होऊ दे. अख्खं गाव जमलंय."

"अख्खं गाव जमलंय म्हणूनच सांगतोय!"

"कोल्टन. मंगळवारी."

"म्हणजे गिदो खरं बोलत होते," ओरिस्या म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं! तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही आईला सांगितलंत की ते..."

गार्थनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पॅनकेक उलटला.

ओरिस्या आईला शोधायला वळली, तोवर कोल्टन पळत सुटला होता. बापाच्या हाकेकडे पाठ करून, रस्ता ओलांडून, थेट अग्निशमनाच्या शेडपाशी. आणि त्याने भोंगा दाबला.

टॉरविकमध्ये भोंगा वाजला की कुणी प्रश्न विचारत नाही. आयांनी पोरं उचलली, बापांनी म्हातारी माणसं उचलली, तवे विझले आणि दोन मिनिटांत दालन रिकामं झालं. गावाच्या अग्निशमन प्रमुख नॉरीनबाई तोंडातलं सॉसेज गिळत आल्या.

"कुठे आहे आग? कुणी दाबला भोंगा?"

"मी," कोल्टन म्हणाला. "सातवी कोठी. माल आमचा आहे."

सगळी गर्दी गार्थकडे वळली. ते मोटारीला टेकून उभे होते आणि बुटांकडे बघत होते.

"पाइप आणा!" नॉरीनबाई ओरडल्या. "वरून पाणी सोडा!"

"पाणी नाही!"

आवाज गिदोंचा होता. एवढा मोठा आवाज ओरिस्याने त्यांचा कधीच ऐकला नव्हता. पायात घरातल्या सपाता, हातात काठी. "पाणी पडलं की दाणा फुगेल, कोठी फुटेल, आणि हा सगळा डोलारा अंगावर येईल. वरचं झाकणही उघडायचं नाही. वारा लागला की पेट घेईल! उत्तरेची भिंत, जमिनीपासून चार फुटांवर, दोन हात रुंद भोक पाडा. माल बाहेर वाहू द्या. पुढे फावडं लावलेल्या ट्रॅक्टरने लांब ओढा, उघड्यावर पसरा, आणि मग हवं तेवढं पाणी मारा."

नॉरीनबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गार्थकडे.

"ऐकलं ना?" त्या माणसांवर ओरडल्या. "करवत आणा!"

अडीच तास लागले. ऐंशी वर्षांच्या जाड फळ्या करवतीला दाद देत नव्हत्या. शेवटी भोक पडलं आणि माल बाहेर आला. आधी वाळूसारखा, मग काळे, धुरकट गोळे होऊन. एक गोळा उघड्यावर येताच भप्पकन पेटला आणि सगळ्या बायकांनी एकदम आपापली मुलं मागे ओढली. ओरिस्याच्या आईने दोघांना एवढं घट्ट धरलं की दानिलो म्हणाला, "आई, मी आगीने नाही, तुझ्यामुळे मरेन."

आई हसली नाही. ती काठी टेकून हुकूम सोडणाऱ्या आपल्या वडिलांकडे बघत होती.

*

ऑगस्टमध्ये गावच्या सभागृहात मुलांचा सत्कार झाला. प्रशस्तिपत्रकं, टाळ्या, लिंबाचं सरबत! पाद्रीबुवा म्हणाले, या मुलांनी ऐंशी जीव वाचवले. नॉरीनबाईंनी तिघांना अग्निशमनाच्या खऱ्या टोप्या दिल्या. दानिलोची नाकापर्यंत आली आणि त्याने ती तशीच ठेवली.

मग सरपंचांनी कागद वाचला. गार्थ यांनी प्रकृतीच्या कारणास्तव समितीचा राजीनामा दिला आहे. त्यांच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल गाव ऋणी आहे. टाळ्या. उत्तरेचा मुख्य आधार कापला गेल्यामुळे एलेव्हेटर धोकादायक ठरला आहे आणि विमा कंपनीने हात वर केले आहेत. तो पुढच्या महिन्यात पाडण्यात येईल. यावर टाळ्या नव्हत्या.

"कुणाला काही विचारायचं आहे?"

ओरिस्याने हात वर केला. "गिदोंची माफी कोण मागणार?"

खुर्च्या कुरकुरल्या. कुणीतरी खोकलं. सरपंचांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "फार चांगला प्रश्न आहे, बाळ." मग त्यांनी सरबत घेण्याची विनंती केली.

गार्थ आलेच नव्हते. कोल्टन एकटाच आला होता, सायकलवरून.

आणि गिदोही नव्हते. ते जुलैतच शहरात गेले होते.

"पण सिद्ध झालं ना!" ओरिस्या त्या सोमवारी रडून रडून ओरडली होती. "ते वेडे नाहीत!"

"झालं," आई म्हणाली होती. तीही रडत होती, पण बॅग भरत होती. "माझे बाबा खरे होते आणि मी परक्या माणसाचं ऐकलं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण पातेलंही जळलं होतं, ओरिस्या. काल परत गॅस चालू राहिला होता. मी दिवसभर कामावर असते. खाट सोडली तर दोन वर्षं मिळणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात गं कधीकधी. मी काय करू?"

ओरिस्याला तेव्हा तिचा फार राग आला होता. अजूनही थोडा होता.

सप्टेंबरमध्ये यंत्राने एलेव्हेटर पाडला. चाळीस मिनिटं लागली. पुढच्या रविवारी आई मुलांना गिदोंकडे घेऊन गेली. कोल्टनही आला. त्याने त्या ढिगाऱ्यातून एक लोखंडी वजन शोधून आणलं होतं. ओरिस्याने सळई आणली होती. दारावरच्या परिचारिकेने ती आत नेऊ दिली नाही. मग गिदोच बाहेर बाकावर आले.

त्यांनी सळई हातात घेतली आणि गालाला लावली.

"गार आहे," ते म्हणाले.

"पण गिदो, माल कुठे..." दानिलोने सुरुवात केली आणि ओरिस्याने त्याच्या पायावर पाय दिला.

गिदोंनी वजन मांडीवर घेतलं. मग कोल्टनकडे पाहिलं. "बाप बोलतो का तुझ्याशी?"

कोल्टनने मान हलवली. नाही.

"अजून तापलेलं आहे." गिदोंनी त्याच्या गालावर हात ठेवला, सळई ठेवत तसा. "एकदम उघडायला जाऊ नकोस. पेटतं. खालून, थोडं थोडं. फार वेळ लागतो. पण तू भोंगा दाबलास ते बरोबर केलंस. हे तुला कुणी घरात म्हणणार नाही, म्हणून मी म्हणतो."

टाळ्या वाजल्या तेव्हा न रडलेला कोल्टन आता रडला.

मग ते गाडीतून परत निघाले. कापणी झालेली शेतं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती, सपाट, पिवळी, एकसारखी. दानिलो टोपी घालून झोपला. बऱ्याच वेळाने समोर पुढच्या गावाचा पेट्रोल पंप दिसला आणि आईने गाडीचा वेग कमी केला.

"अरे देवा," ती म्हणाली. "आपलं वळण कधी गेलं?"

कुणालाच माहीत नव्हतं. तिने गाडी वळवली आणि ते हळूहळू परत निघाले, आई, ओरिस्या आणि कोल्टन, तिघंही उजवीऐवजी आता डाव्या काचेतून बाहेर बघत.